मृगाआधीचा सह्याद्री

जून संपत आला की महाराष्ट्रात एक वाद नेमाने सुरू होतो. कुठल्याशा धबधब्यात माणसे वाहून जातात, त्या प्रसंगाचे चित्रण दोन दिवस मोबाइलवरून फिरत राहते, जिल्हाधिकारी धबधबे, धरणे आणि गडकिल्ल्यांच्या परिसरात जमावबंदी जाहीर करतात आणि वर्तमानपत्रांतल्या वाचकपत्रांपासून गिर्यारोहकांच्या बैठकांपर्यंत सगळीकडे दोन तट पडतात. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले तेव्हा हेच झाले. १५ जून २०२५ रोजी पुण्याजवळच्या कुंडमळ्याचा इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीसकट कोसळला तेव्हाही हेच. आदेशातले कलम तेवढे बदलले: पूर्वी १४४ होते, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे १६३ आहे. एक तट म्हणतो, लोकांना अक्कल नाही, तेव्हा बंदीच हवी. दुसरा म्हणतो, डोंगर कुणाच्या मालकीचे नाहीत, बंदीने गावकऱ्यांच्या पोटावर पाय येतो आणि चार बेशिस्तांपायी सर्वांना शिक्षा कशासाठी? दोन्ही बाजूंचे थोडेथोडे खरे आहे. तरीही हा वाद मला फोल वाटतो, कारण दोन्ही तटांनी एक गोष्ट न तपासताच मान्य केलेली आहे: सह्याद्री पाहायचा तो पावसातच. मतभेद उरतो तो पाहू द्यावे की देऊ नये, एवढ्यापुरता.

माझे म्हणणे असे की, भरपूर पावसाच्या डोंगराळ मुलखात पहिल्यांदा जायचे ते पाऊस येण्याआधी जावे. वैशाखात, ओढे आटलेले, गवत पिवळे पडलेले आणि कातळ तापलेले असताना. पावसाळ्यात जाऊच नये असा माझा हट्ट नाही. पण ज्याने आंबोली, ताम्हिणी, भीमाशंकर किंवा इगतपुरीचा परिसर कोरडा पाहिलेला नाही, त्याने तिथला पाऊस नुसता अंगावर घेतलेला असतो. तो त्याला कळलेला नसतो. हे कुणाला जुन्या भटक्याचा तोरा वाटेल. पण त्यामागे दोन रोखठोक कारणे आहेत: एक माणसाच्या जिवाचे, दुसरे पाण्याच्या हिशेबाचे.

जिवाचे आधी घेऊ. जुलैतला ओढा जे झाकून ठेवतो ते मे महिन्यातला ओढा उघडे करून दाखवतो. कोरड्या पात्रात उतरून उभे राहिले की तिथे पडलेले धोंडे दिसतात, काही कमरेएवढे, काही खोलीएवढे, आणि बहुतेकांच्या कडा झिजून गोल झालेल्या. ते पाण्याने वरून लोटत आणले आहेत. काठावरच्या झाडांच्या मुळांत आणि खालच्या फांद्यांत, आपल्या डोक्याच्याही वर, गेल्या वर्षीचा पालापाचोळा आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या अडकलेल्या असतात. पूर कुठवर चढतो याची ती खूण. कातळात रांजणखळगे दिसतात: भोवऱ्यात सापडलेले गोटे वर्षानुवर्षे फिरत राहून बेसाल्टसारखा कठीण दगड रांजणासारखा कोरून काढतात. कुकडीच्या पात्रात निघोजला ते पाहायला लोक मुद्दाम जातात, पण लहानमोठे खळगे सह्याद्रीतल्या पुष्कळ ओढ्यांत आहेत आणि गुडघाभर वाटणाऱ्या पाण्याखाली त्यांतले काही पुरुषभर खोल निघतात. ज्या सपाट खडकावर जुलैत कुटुंबेच्या कुटुंबे फोटोसाठी उभी राहतात तो खडक काठावरचा नसून पात्राच्याच मधला आहे, हे मे महिन्यात शाळकरी पोरालाही समजते. मान वर केली की पाणी येते कुठून तेही दिसते: तीन-चार घळी एका जागी मिळतात आणि त्यांच्या माथ्यावर झाडी नसून उघडा कातळ असतो. अशा उतारावर पडलेली सर मुरत नाही आणि थांबत नाही. खाली उघडीप असतानाही लोंढा येतो तो यामुळे. ‘पाणी अचानक वाढले’ हे वाक्य प्रत्येक अपघातानंतर ऐकू येते. अचानक कुणासाठी? गावातल्या गुराख्याला ते कधीच अचानक वाटत नाही, कारण त्याने ते पात्र बाराही महिने पाहिलेले असते. आपण त्याच्या बारा महिन्यांतले दोन शनिवार-रविवार पाहतो आणि तेवढ्या भांडवलावर पाण्यात उतरतो. बंदीचा फलक ‘धोका’ हा शब्द वाचायला देतो. धोक्याचे माप मात्र त्या धोंड्याशेजारी उभे राहिल्यावरच मिळते.

दुसरे कारण पाण्याचे, आणि मला ते अधिक मोलाचे वाटते. चेरापुंजीचे नाव आपण सर्वांनी शाळेत पाठ केले. ऑगस्ट १८६० ते जुलै १८६१ या बारा महिन्यांत तिथे साडेसव्वीस हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला आणि तो विक्रम अजून मोडलेला नाही. शेजारच्या मौसिनरामची वार्षिक सरासरी बारा हजारांच्या जवळपास जाते. त्याच चेरापुंजीत हिवाळा सरता सरता बायका हंडे घेऊन पाण्यासाठी पायपीट करतात, हे मात्र पाठ्यपुस्तकात नव्हते. भेगाळ चुनखडीचा डोंगर, पावसाने धुऊन नेलेली माती आणि तुटलेले जंगल यांमुळे पडलेले पाणी तिथे ठरतच नाही. पण उदाहरणासाठी मेघालयात तरी कशाला जायचे? ठाणे जिल्ह्यातला शहापूर तालुका घ्या. तानसा धरण १८९२ पासून मुंबईला पाणी पाजते आहे, आणि भातसा आज त्या शहराचा सर्वांत मोठा आधार आहे. दोन्ही याच तालुक्यात. आणि याच तालुक्यातल्या आदिवासी पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, ही बातमी इतक्या वर्षांची झाली आहे की ती आता आतल्या पानावर जाते.

याचे कारण डोंगराच्या घडणीत आहे आणि ते उन्हाळ्यातच डोळ्यांना दिसते. सह्याद्री हा लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालेला बेसाल्टचा डोंगर. या दगडात पाणी राहते ते भेगांमध्ये आणि दोन थरांच्या सांध्यांत. बाकी दगड भरीव. पश्चिमेचा उतार इतका उभा की कोकणातल्या नद्या जेमतेम उगम पावतात तोच समुद्राला मिळतात. पाऊस येतो तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. महाबळेश्वराला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पडतो, पाचगणीला त्याचा साधारण तिसरा हिस्सा आणि घाट उतरून वाईला आलो की त्याहूनही कितीतरी कमी. म्हणजे आपण ज्याला सरसकट ‘पावसाचा प्रदेश’ म्हणतो तो नकाशावर करंगळीएवढ्या रुंदीचा पट्टा आहे आणि त्या पट्ट्यातही पडणारे बहुतेक पाणी पाहुण्यासारखे येऊन निघून जाते. जुलैत तिथे गेलेला शहरी माणूस कड्याकड्यावरून कोसळणारे पाणी पाहून परततो आणि त्याच्या मनात पक्के बसते की इथे पाण्याला काय तोटा? पुढे धरणातला साठा किती टक्के झाला याच्या बातम्या तो वाचतो, पाणीकपात झाली की चिडतो, आणि डोंगरातल्या माणसाने काही मागितले तर त्याला ते अवाजवी वाटते. तोच माणूस मे महिन्यात गेला असता, तर नदीच्या वाळूत खणलेल्या झिऱ्यापाशी बसून वाटीवाटीने हंडा भरणारी बाई त्याला दिसली असती. पाऊस किती पडतो, हा त्याचा प्रश्न तिथे संपला असता आणि त्यातला किती राहतो, हा प्रश्न सुरू झाला असता. लोकशाहीत पाण्याचे निर्णय ज्यांच्या मतांवर होतात त्यांना हा दुसरा प्रश्न पडणे, हे कुठल्याही पर्यटनधोरणापेक्षा महत्त्वाचे नाही काय?

पावसाआधी डोंगर गाठण्याची कल्पना मी काही नव्याने काढलेली नाही. भाजे, कार्ले, कान्हेरी येथील लेण्यांत ज्या परंपरेचे बौद्ध भिक्षू राहत, तिच्यात पावसाळ्यात भटकण्याला मनाई होती. भिक्षूंच्या आचारनियमांच्या विनयग्रंथांत या नियमामागे लोकांची तक्रार सांगितली आहे, की हे भिक्षू पावसाळ्यात हिंडतात आणि त्यांच्या पायांखाली कोवळे गवत आणि बारीक जीव चिरडतात. म्हणून पावसाच्या आधी पोहोचायचे आणि मग एका जागी बसायचे, असा वर्षावासाचा दंडक झाला. कान्हेरीला लेण्यांना लागून खडकात टाकी खोदलेली आहेत आणि तिथल्या शिलालेखांत ती ‘पोढी’ या नावाने दानात दिल्याचे कोरलेले आहे. ज्यांना डोंगरावर वस्ती करायची होती त्यांनी सर्वांत आधी कोरड्या महिन्यांचा विचार केला होता, असा याचा अर्थ. हाच विचार कित्येक शतकांनी रामचंद्रपंत अमात्यांच्या १७१५ च्या आज्ञापत्रात, म्हणजे मराठी राज्यकारभारावरच्या ग्रंथात, येतो: गड बांधण्याआधी तिथले पाणी पाहावे, आणि पाणी नसताही ती जागा बांधणे भागच असेल, तर खडक फोडून पर्जन्यकाळापर्यंत साऱ्या गडाला पुरतील अशी तळी-टाकी आधी करावीत. ‘पर्जन्यकाळापर्यंत’ हे माप नीट पाहावे. गड जोखायचा तो ज्येष्ठाच्या तोंडाशी, टाक्याचा तळ दिसू लागतो तेव्हा. आणि आपण श्रावणात काठोकाठ भरलेले टाके पाहून पूर्वजांच्या जलव्यवस्थापनाचे गोडवे गातो! श्रावणात कुठलेही डबके भरलेलेच असते.

एक प्रतिवाद इथेच उभा राहतो आणि तो मला टाळता येणार नाही. १८२८ नंतर मुंबईचा इंग्रज गव्हर्नर जॉन माल्कम याने महाबळेश्वर वसवले आणि मुंबई सरकारचा उन्हाळ्याचा मुक्काम तिथे पडू लागला. पाऊस सुरू झाला की पावसाचा मारा अडवणाऱ्या गवताच्या झडी बांधून बंगले बंद व्हायचे आणि सरकार पुण्याला उतरायचे. म्हणजे साहेब नेमका पावसाआधीच जात होता. त्याला काय दिसले? गार हवा आणि ‘पॉइंट’. त्याचा वारसा चालवत आजही मे महिन्यात महाबळेश्वरच्या रस्त्यांवर गाड्यांची रांग लागते आणि त्या रांगेतल्या माणसाला कृष्णेच्या उगमाशेजारच्या गावांत पाणी कसे येते याचा पत्ता नसतो. तेव्हा नुसता महिना बदलल्याने दृष्टी येत नाही, हे कबूल. ऋतू फक्त पडदा बाजूला करतो. पाहण्याचे काम माणसाला करावे लागते. पण पडदा असताना पाहण्याची इच्छाही वाया जाते, हेही तितकेच खरे.

‘उन्हाळ्यात तिथे पाहण्यासारखे काय आहे?’ या आक्षेपावर फार शाई खर्च करावीशी वाटत नाही. करवंदांनी काळ्या झालेल्या जाळ्या, पिवळाधमक बहावा, जांभळांचा सडा आणि वळिवाच्या पहिल्या सरीनंतर तापलेल्या कातळावरून उठणारी वाफ ज्याला पुरत नाही, त्याने खुशाल हिरव्या रंगाची वाट पाहावी. ऊन मात्र खरे आहे, आणि वळिवाच्या विजा त्याहून खऱ्या आहेत. दुपार कलायच्या आत उघड्या पठारावरून खाली उतरलेले असावे, ही गावकऱ्यांची शिस्त पाहुण्यानेही पाळली पाहिजे.

सर्वांत वजनदार आक्षेप पाण्याच्याच बाजूने येतो. ज्या गावात हंडाभर पाण्यासाठी मैलभर जावे लागते, तिथे तुम्ही वैशाखात पाहुणे पाठवता? पावसाळ्यातला पर्यटक निदान कुणाच्या तोंडचे पाणी तरी पळवत नाही. या आक्षेपाला उत्तर शोधताना मला राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांनी चिपळूण परिसरातल्या छावणीच्या अधिकाऱ्यांना मे महिन्यात लिहिलेले पत्र आठवते. पावसाच्या तोंडावर बाहेरून आलेली मोठी जमात एका लहानशा प्रदेशात मुक्कामाला आहे, हीच त्या पत्रामागची अडचण. महाराज बजावतात, की साठवलेला दाणा-चारा आत्ताच मनाला येईल तसा उधळलात, तर ऐन पावसात काही उरणार नाही आणि घोडी मरतील. मग तुम्ही रयतेकडून कुणी दाणे, कुणी गवत, कुणी लाकूडफाटा हिसकावू लागाल आणि लोकांना तुम्ही मोगलांहून वाईट वाटाल. पुढे आगीबद्दल लिहितात: कुणी गंजीजवळ चूल पेटवील, कुणी चिलीम ओढील, दिव्याची जळती वात उंदीरसुद्धा ओढून नेईल आणि सगळे गवत खाक होईल. पाहुण्याने पावसाआधी डोंगरमुलखात कसे वागावे याची याहून नेमकी सूचना मला माहीत नाही. तिथे जाणारा माणूस त्या मुलखाच्या आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी करून ठेवलेल्या, बेगमीत हात घालतो, हे त्याने धरून चालावे. आपले पाणी आपण न्यावे, अंघोळीची चैन घरी ठेवावी, काडी पेटवू नये. वणवे लागतात ते याच दिवसांत, आणि एका फेकलेल्या विडीने डोंगराची एक बाजू काळी होते. म्हणजे आक्षेप खरा आहे. पण त्यातून ‘जाऊ नये’ असे निघत नाही. ‘थोड्यांनी, आणि ओझे न होता जावे’ असे निघते. धबधब्याखाली हजारोंनी जमणाऱ्या गर्दीला असा नियम घालणेच अशक्य असते.

‘थोड्यांनी’ या शब्दावर मी अडून बसतो, कारण उलट काय होते याचा नमुना समोर आहे. मेअखेरीस भंडारदऱ्याच्या आसपास, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या झाडांवर काजवे लखलखू लागतात. ती लखलख म्हणजे नर-मादीची खूण. अंधार हीच तिची अट. काही वर्षांपूर्वी या काजव्यांचे ‘महोत्सव’ झाले आणि गाड्यांचे झोत, मोबाइलचे दिवे आणि आरडाओरडा यांत तो अंधारच संपू लागला. वनखात्याला निर्बंध घालावे लागले. कासच्या पठाराचीही तीच गत होऊ शकते. सप्टेंबरात फुले असतात तेव्हा तिथे तिकीट, पहारा असे सगळे असते. मे महिन्यात ते उजाड जांभ्याचे मैदान दिसते म्हणून त्यावर गाडी चढवायला हरकत नाही असे वाटते, आणि मातीच्या त्या बोटभर थरात पुढच्या हंगामाचे कंद आणि बी झोपलेले असते. रिकामे दिसते ते रिकामे नसते. म्हणून पावसाआधीच्या भटकंतीचीही जत्रा करायची असेल, तर माझा हा लेख कृपया फाडून टाकावा.

गावकऱ्यांच्या उत्पन्नाचा मुद्दा उरतो. पावसाळ्यातल्या आठ-दहा रविवारी भाजलेली कणसे, भजी आणि चहा विकून घाटातल्या कुटुंबाचे जे भागते, ते मे महिन्यातल्या मोजक्या पाहुण्यांनी भागणार नाही, हे मी मान्य करतो आणि तसा खोटा दिलासा देणार नाही. पण आजची व्यवस्थाही त्यांच्या बाजूची नाही. जुलैतला एक अपघात आणि त्यामागून येणारा एक आदेश त्यांचा अख्खा हंगाम बुडवतो, आणि ज्या चुकीपायी तो बुडतो ती क्वचितच त्यांची असते. ज्यांनी पात्र कोरडे पाहिले आहे असे लोक पावसात आले, तर बंदीची गरजच कमी पडेल. गावाचा फायदा आहे तो इथे.

याहून टोचणारा प्रश्न काही संवेदनशील मित्र विचारतात: दुसऱ्याची टंचाई पाहायला जाणे म्हणजे गरिबीचा तमाशा नव्हे काय? हंडे घेतलेल्या बायकांचे फोटो काढायला जाणाऱ्यांच्या बाबतीत तो तमाशाच आहे. पण वैशाखातला डोंगरातला माणूस केवळ टंचाईत बसलेला नसतो. वर्षातले सर्वांत नेटके काम त्याचे याच दिवसांत चालते. भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळून राब भाजलेले असतात, बांध घातले जात असतात, कौले परतली जात असतात, लाकूडफाटा पडवीत रचला जात असतो, अंगणात वाळवणे पडलेली असतात आणि म्हातारी माणसे मुंग्या कुठे चालल्या आहेत ते पाहत असतात. रोहिणी लागण्याआधी काय व्हायला हवे आणि मृगाआधी काय, याचा सगळा हिशेब त्यांच्या डोक्यात असतो. हे पाहणे म्हणजे दारिद्र्य पाहणे असे ज्याला वाटते, त्याने कौशल्य ओळखण्याचे आपले डोळे एकदा तपासावेत. शिवाय धबधब्याखाली नाचताना त्याच गावाची गरिबी आपल्याला दिसत नाही, हा तिचा सन्मान म्हणायचा का?

या साऱ्यातून सरकारी धोरणासाठी निघणारी गोष्ट अगदी साधी आहे. कुठल्या ओढ्यात कुठपर्यंत जाऊ द्यायचे आणि कुठे दोर बांधायचा, हे जुलैत अपघातानंतर कार्यालयात बसून ठरवण्याऐवजी मे महिन्यात तलाठी, वनरक्षक आणि गावातले दोन जाणते गुराखी यांनी कोरड्या पात्रातून चालत ठरवावे. पुराच्या खुणा तेव्हा दिसतात, खळगे दिसतात, ढिल्या दरडी दिसतात. जिल्हाभर सरसकट बंदी आणि सरसकट मोकळीक यांच्यामध्ये जी जागा आहे ती त्या पात्रातच सापडते. त्याच वाटेवरून महाविद्यालयांच्या तुकड्या न्याव्यात; पावसाळी सहलींच्या परवानग्यांवरून दरवर्षी होणारी ओढाताण तरी जरा कमी होईल.

फक्त दिवस लवकर धरायला हवेत. मोसमी पाऊस मुंबईत ११ जूनच्या आसपास यावा अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. २०२५ साली तो २६ मे रोजीच आला, रोहिणी नक्षत्र लागून दोन दिवसही झाले नव्हते. त्या वर्षी कोकणात पावसाआधीची बरीच कामे अर्धवट राहिली आणि मेअखेरचा बेत आखलेल्यांना कोरडा ओढा पाहायलाच मिळाला नाही. आता जायचे ते अक्षय्य तृतीयेच्या मागेपुढे, घाटात पहिला वळीव कोसळायच्या आत.